अर्थ लागेना

आमच्या परड्यात पत्र्याखाली येझदी उभी राहिली, त्याला १९ वर्षं झाली. उभी म्हणजे रिकामी नव्हे. उन्हाळ्यात तिच्या सीटवर सांडग्यांचं ताट वाळायचं. हँडलच्या एका बाजूला आईची फुलांची परडी, दुसऱ्या बाजूला कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी. मडगार्डच्या आडोशाला एका मांजराच्या तीन पिढ्या वाढल्या. एका पावसाळ्यात कारल्याचा वेल ब्रेकच्या केबलवरून चढत थेट आरशापर्यंत गेला आणि त्या वर्षी कारली चांगली लागली. गाडी चालत नव्हती एवढंच. बाकी तिचं व्यवस्थित चाललं होतं.

निवृत्त माणसाला घरात काहीतरी बिघडलेलं लागतं. मी बँकेतून मोकळा झालो त्याच्या तिसऱ्या दिवशी घरातले नळ, मिक्सर आणि दारांच्या कड्या तपासून झाल्या. सगळं शाबूत निघालं. चौथ्या दिवशी चहाचा कप घेऊन परड्यात गेलो, सांडग्यांचं ताट उचललं आणि ज्या सीटवर बसून, बाबांच्या पोटाला मिठी मारून मी अर्धा कोल्हापूर जिल्हा पाहिला, त्या सीटवरून हात फिरवला. हाताला काहीतरी ऊबदार लागलं आणि ते फिस्कारलं. मांजराची चौथी पिढी असावी. पण मनाशी ठरलं.

"गाडी चालू करतो," मी घरात येऊन जाहीर केलं.

"कुठली?" बायकोने विचारलं.

आईने सांडगे कुठे ठेवलेस, एवढंच विचारलं.

बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. राधानगरी, काळम्मावाडी, गगनबावडा हा त्यांचा मुलूख. जिथे डांबरी रस्ता संपायचा तिथून त्यांचं काम सुरू व्हायचं, म्हणून १९७६ साली त्यांनी ही गाडी घेतली. गाडीचं कूळ मोठं. १९२९ साली तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाच्या कारखानदाराने वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलीचे हक्क घेतले आणि दोन नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' हे नाव केलं. चेक लोक त्याचा उच्चार 'यावा' असा करतात. तो आपल्याकडे आधी कळला असता, तर संध्याकाळी दारात उभं राहून वाट पाहणाऱ्या घरोघरच्या बायकांना बरा वाटला असता. १९६१ पासून म्हैसूरला इराणी कुटुंबाच्या कारखान्यात जावा तयार होऊ लागल्या, सत्तरच्या दशकात त्यांचं नाव येझदी झालं, आणि १९९६ साली कारखान्याला कुलूप लागलं. दोन सायलेन्सर, निळसर धूर, आणि किक व गिअर या दोघांत मिळून एकच दांडा. दांडा उभा केला की किक, आडवा पाडला की गिअर. दोन खोल्यांच्या घरात दिवसा बसायला आणि रात्री निजायला एकच कॉट असावी, तसला तो कारभार.

इंजिनाचं काम शिवाजी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी केलं. चार दिवसांत. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, कार्ब्युरेटर पेट्रोलमध्ये बुडवून फुंकला, पॉइंट घासून त्यांच्यातली फट ०.४ मिलिमीटर केली, आणि स्वतःच्या दुकानातली बॅटरी आणून वायरीचे दोन तुकडे जोडले. एक कॉइलला लावला, दुसरा इंजिनाच्या अंगाला नुसता टेकवून धरला. तिसऱ्या किकला इंजिन खोकलं, पाचव्याला बोललं. मी इतका भारावलो होतो की तो दुसरा तुकडा कशाला, हे विचारायचंच राहिलं. तेव्हा विचारलं असतं, तर पुढचा दीड महिना वाचला असता आणि हा लेखही.

"आता वायरिंग," मी म्हणालो.

"त्येवढं मला सांगू नगा," मेस्त्री हात पुसत म्हणाले. "डोळं गेलं ओ माझं. बारीक काम न्हाई जमत. तुमी शिकल्या-सवरल्यालं हाय, करा की घरात बसून."

इंजिनाचं दुखणं आमच्या थोरल्या आत्यासारखं असतं. कुठे दुखतं, किती दुखतं, कधीपासून दुखतं, ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं. वायरिंगचं दुखणं धाकट्या काकूसारखं. "काय झालं?" विचारलं की "कुठं काय?" दिवा लागत नाही, हॉर्न वाजत नाही, आणि वायर मात्र साळसूदपणे जिथल्या तिथे.

हेडलाइटची रिंग काढली आणि आतून वायरींचा गुंता पुढे लोंबला. देवघरातल्या जुन्या वातींचा डबा कुणी माझ्या ओंजळीत उलटा करावा, तसा. पुस्तकात प्रत्येक वायरीला रंग दिलेला असतो. आमच्या गाडीत सगळ्या वायरींचा रंग एक होता, गगनबावड्याच्या मातीचा. उंदरांनी काही वायरींचं प्लास्टिक दाढी केल्यासारखं सोलून काढलं होतं. उरलेलं प्लास्टिक इतकं कडक झालं होतं, की वाकवलं की शेवेसारखं मोडायचं.

पण खरी गंमत जोडांची होती. मी मोजले, २३ निघाले. एकही जोड दुसऱ्यासारखा नव्हता. कुठे काळी टेप, कुठे सायकलच्या ट्यूबची पट्टी, कुठे दवाखान्यातली चिकटपट्टी. एका जोडावर बॉलपेनच्या रिफिलीचा तुकडा नळीसारखा सरकवला होता, आत अजून निळी शाई. एक जोड चक्क जानव्याच्या दोऱ्याने बांधलेला. माणूस कुठे, कशाच्या आधाराने अडला होता, ते त्या त्या जोडावर लिहिलेलं होतं. चिकटपट्टी म्हणजे एखाद्या आरोग्य केंद्रासमोर बंद पडली असणार. ट्यूब म्हणजे पंक्चरवाला जवळ होता. जानवं म्हणजे जवळ कुणीही नव्हतं, अंधार होता आणि पाऊस पडत होता. बाबांनी कधी प्रवासवर्णन सांगितलं नाही. "काय, कसं झालं काम?" विचारलं की "झालं" म्हणायचे आणि आंघोळीला जायचे. त्यांचं सगळं बोलणं या हेडलाइटच्या पोटात गुंडाळून ठेवलेलं होतं.

मग फ्यूज सापडला. म्हणजे फ्यूजची जागा सापडली. तिथे काचेच्या नळीऐवजी चांदीची एक घट्ट सुरळी बसवली होती. उलगडली. सिगारेटच्या पाकिटातली चांदी.

आता, बाबा सिगारेट ओढत नव्हते. आमच्या घरात ज्या गोष्टींबद्दल वाद नव्हता, त्यांतली ही एक. बाबा ओढत नाहीत, हे सांगून आई माझ्या दोन मामांना गप्प करायची. बाबा संध्याकाळी घरी यायचे ते बडीशेप चघळत. आम्हां भावंडांच्या तळहातावरही चिमूटभर ठेवायचे. प्रवासाने पोट बिघडतं, त्यावर बडीशेप चांगली, अशी माझी ४५ वर्षांची समजूत. ती सुरळी हातात घेऊन मी पत्र्याखाली बसलो होतो, तेवढ्यात आई तुळशीला पाणी घालायला आली. मी चांदी पटकन खिशात घातली. पोरवयात जे लपवायला हवं होतं, ते मी साठीत लपवत होतो, आणि तेही बापाचं.

फ्यूज हा सबंध गाडीतला सर्वांत सज्जन भाग. कुठे वायर एकमेकींना चिकटून भलता करंट ओढू लागली की तो आधी स्वतः जळतो आणि बाकीच्यांना वाचवतो. चांदीची सुरळी असं काही करत नाही. ती काही झालं तरी जळत नाही. तिच्याऐवजी मग वायरिंग जळतं. गाडी १९७६ पासून पेटली कशी नाही, याचं उत्तर वायरिंगच्या पुस्तकात नव्हतं. ते बहुधा आईच्या सोळा सोमवारांत असावं.

आता सहा व्होल्टची गोष्ट सांगायला हवी. आजच्या गाड्या १२ व्होल्टवर चालतात, आमची ६ वर. बॅटरीत तीन घरं, प्रत्येकात दोनाच्या किंचित वर व्होल्ट, असा तो गरिबीचा संसार. लहानपणी बाबांनी मला वीज समजावली होती ती त्यांच्या खात्याच्या भाषेत. व्होल्ट म्हणजे धरणातल्या पाण्याची उंची, अँपिअर म्हणजे पाटातून वाहणारं पाणी, आणि गंज म्हणजे पाटातला गाळ. धरण बुटकं असलं की तेवढंच काम करून घ्यायला पाणी जास्त सोडावं लागतं. ३५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे तीन अँपिअर ओढतो, ६ व्होल्टवर जवळजवळ सहा. आता एखाद्या जोडात पाव ओहम गाळ साचला असं धरा. सहा अँपिअर त्यातून जाताना दीड व्होल्ट तिथेच जिरतो. सहातला दीड, म्हणजे पाव पगार. १२ व्होल्टच्या घरात त्याच गाळात पाऊण व्होल्ट जातो, म्हणजे रुपयातला एक आणा. श्रीमंताला गळतीचा पत्ता लागत नाही. गरिबाच्या घरात मात्र दिवा मिणमिणतो. जुन्या येझदीचा उजेड काजव्यासारखा, म्हणून लोक हसतात. त्या उजेडाने वाटेत २३ ठिकाणी किती हप्ते भरले असतात, ते कुणी विचारत नाही.

आणि गाळ होताच. तांब्याच्या तारांवर हिरवट-काळा थर चढला होता. आईने लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "कळकलंय की रे सगळं." बरोबर शब्द तिच्याकडे होता. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, तशा या तारा कळकल्या होत्या. कळकलेल्या भांड्यावर उपाय कल्हई, तारेवरही तोच. मी डाग द्यायची इस्त्री आणली, कथलाची तार आणली. पहिल्या दिवशी कथील वितळून थेंब थेंब चपलेवर पडलं, वायरीवर एकही नाही. मग समजलं की कथील इस्त्रीवर वितळवून चालत नाही. आधी तार तापवायची. तार पुरेशी तापली की कथील आपणहून तिच्याकडे धावतं, तारांच्या मधल्या फटींतून आत शोषलं जातं आणि क्षणभर पाण्यासारखं चकाकून थिजतं. तो क्षण पाहायला मी आठ दिवस सकाळी सातला उठून बसत होतो. कल्हईवाला नवसागर वापरतो. तो इथे चालत नाही, तार पुढे खात राहतो. इथे राळ. राळेचा धूर परड्यात भरला की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कल्हईवाला आला का रे? माझी दोन पातेली हायत."

या सगळ्याच्या मध्ये मी एक शहाणपणा केला. वायरिंग बाहेर काढलंच आहे तर गाडीचा सांगाडा रंगवून घेऊ, म्हटलं. सांगाडा दिला रंगायला, तो आला ते शाळिग्रामासारखा काळाभोर होऊन. बोट लावलं तर बोटाचं प्रतिबिंब. ज्या गाडीने १९ वर्षं मांजरं, कारली आणि सांडगे सोसले, तिला मी न्हाऊ-माखू घालून नवी वस्त्रं नेसवली. मग त्या चकचकीत सांगाड्यावर कल्हई केलेलं वायरिंग चढवलं, नवी बॅटरी बसवली, काचेचा खरा फ्यूज घातला. चांगला दिवस पाहून किल्ली फिरवली.

काही झालं नाही.

म्हणजे अगदी काही नाही असं नव्हे. पुढच्या दिव्याच्या आत एक तांबूस केस दिसला. उजेड पडत नव्हता, नुसती दिव्याची तार लाजली होती. मागचा दिवा तसाच. ब्रेक दाबला की तो उजळायचा सोडून आणखी मंदावायचा. हॉर्न दाबला की घशात भाकरी अडकल्यासारखा एक आवाज, आणि त्या आवाजासरशी पुढचा दिवा मान टाकायचा. किक मारून मारून माझी पोटरी सुजली, पण प्लगला ठिणगी नाही.

मी मल्टिमीटर काढला. त्याची काळी वायर चिमट्याने बॅटरीच्या एका टोकाला पक्की लावली, म्हणजे एक हात मोकळा राहतो, आणि लाल वायर घेऊन घरोघर फिरलो. किल्लीपाशी ६.३ व्होल्ट. कॉइलपाशी ६.३. दिव्यापाशी ६.३. हॉर्नपाशी ६.३. खानेसुमारीला गेलेल्या मास्तरासारखा मी वहीत लिहीत गेलो. सगळी घरं भरलेली, सगळीकडे चूल पेटलेली, फक्त जेवायला कुणाला मिळत नव्हतं. दिवा काढून दुसरा लावला, कॉइल बदलली, सगळे २३ जोड उकलून पुन्हा डाग दिले. मीटर ६.३ म्हणत राहिला. अशा वेळी माणसाला आपल्या शाळेतल्या मार्कांबद्दल शंका येऊ लागते.

शेवटी एका रविवारी मेस्त्रींना चहाला बोलावलं. नातू त्यांना मोटरसायकलवरून सोडून बाहेर हॉर्न वाजवत थांबला. मेस्त्रींनी चहा बशीत ओतला, प्याले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. रंगावरून अंगठा फिरवला. "रंग झ्याक बसलाय," म्हणाले. मग बॅटरीपाशी वाकले, एका बोल्टावर नख टेकवलं, दिव्याकडे पाहिलं, पुन्हा बोल्टाकडे पाहिलं, आणि कंबर धरून उठत मान हलवली.

"सायेब, ह्या गाडीत काय अर्थच न्हाई."

बाहेर नातवाने पुन्हा हॉर्न दिला. मेस्त्री गेले.

ते दोन दिवस मी कसे काढले ते मला माहीत. ज्या माणसाने हयात या गाड्यांत घालवली, त्याने दोन मिनिटांत निकाल दिला होता, आणि तो चुकीचा म्हणायला माझ्याकडे आधार नव्हता. बायको म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते निदान चहा पिऊन म्हणाले." मी भंगाराचा किलोचा भाव काढला. रात्री अंथरुणावर पडून विचार केला की वस्तूंत जीव गुंतवणं हेच चुकतं. बाप गेला, कारखाना बंद झाला, सहा व्होल्टचं जग मागे पडलं. आपण मात्र कथील वितळवत बसलो. असले विचार रात्री दीडला फार पटतात.

मंगळवारी लक्ष्मीपुरीत मेस्त्री भाजी घेताना दिसले. मी चुकवून जाणार होतो, त्यांनीच हाक मारली.

"काय ओ सायेब, केलासा का अर्थ?"

"आता कसला अर्थ काढायचा, मेस्त्री," मी म्हणालो, आणि दोन रात्री साठवलेलं सगळं तिथे कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी ओतलं. काळाच्या ओघात प्रत्येक वस्तूची वेळ भरते, माणसाने मन मोठं करून निरोप द्यायला शिकावं, वगैरे. मेस्त्रींनी मेथीची जुडी निवडत ते सगळं आदराने ऐकून घेतलं. भाजीवालीनेही ऐकलं.

"ते समदं खरं हाय," मेस्त्री म्हणाले. "पर चेसीला अर्थ दिलासा का न्हाई? बोल्टाखालचा रंग खरवडलासा?"

मी तिथेच थांबलो. अर्थ. अर्थिंगमधला अर्थ. चेसीला, म्हणजे सांगाड्याला, करायचा तो अर्थ.

अशा जुन्या मोटरसायकलमध्ये प्रत्येक दिव्याला दोन वायरी नसतात. एक वायर करंट घेऊन जाते. परत येण्यासाठी वेगळी वायर कोण घालत बसणार, म्हणून गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीची वायर म्हणून वापरतात. दिव्यातून निघालेला करंट लोखंडात शिरतो आणि सांगाड्यातून चालत बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला घरी येतो. त्या टोकाची जाड पट्टी सांगाड्याला जिथे बोल्टाने आवळलेली असते, तोच दरवाजा. मी त्या दरवाजावर प्रेमाने शाळिग्रामासारखा रंग चढवला होता. रंगातून वीज जात नाही. बोल्टाच्या आट्यांवर कुठेतरी केसाएवढी जागा उघडी राहिली असेल, त्यातून दिव्याची तार लाजण्यापुरता करंट झिरपत होता. ब्रेक दाबला की दुसरा दिवाही त्याच केसातून परतायला धडपडायचा आणि दोघांचंही बिनसायचं. १९ वर्षांच्या आबाळीने जे केलं नव्हतं, ते माझ्या कौतुकाने केलं.

आणि मीटर? त्याची काळी वायर मी थेट बॅटरीलाच लावली होती. म्हणजे दर वेळी परतीची सोय मीच करून देत होतो, आणि मग परतीचं सगळं ठीक आहे म्हणून वहीत लिहीत होतो. तीच काळी वायर सांगाड्याला टेकवली असती, तर पहिल्याच दिवशी मीटरने तोंड फिरवलं असतं. मेस्त्रींनी इंजिन चालू करताना वायरीचे दोन तुकडे घेतले होते ते याचसाठी. एक जायला, एक यायला.

बँकेत ३४ वर्षं काढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. गेलेला आणि आलेला आकडा जुळला नाही तर त्या दिवशी घरी जाता येत नाही, हे मी शेकडो कारकुनांना सांगितलं आहे. मग इथे का सुचलं नाही? मला वाटतं, ते बाबांचं धरण आडवं आलं. पाटाचं पाणी सुटतं, उसाच्या रानात जातं आणि तिथे जिरतं. ते परत धरणात आलं पाहिजे, असं राधानगरीत कुणी म्हणत नाही. म्हणून मी विजेला सोडायची वाट दीड महिना तपासत राहिलो. दिव्यापर्यंत पोचली, की माझ्या हिशेबी पाणी रानात गेलं, काम झालं. पण विजेला जिरायची सोय नाही. तिला परत यावंच लागतं, आणि परतीची वाट बंद असेल तर ती घरातून निघतच नाही. बाबांनी बाकी सगळं बरोबर शिकवलं होतं, एवढंच सांगायचं राहिलं. एरवी रात्री कितीही उशीर झाला, पाऊस असला, जानवं तोडावं लागलं, तरी परत येणं हा त्यांचा विषय होता. बहुधा तो इतका अंगवळणी पडला होता, की वेगळा शिकवायचा असतो हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

त्याच दुपारी मी बोल्ट सोडवला आणि रुपयाच्या नाण्याएवढा रंग खरवडला. जीव तुटला, पण खरवडला. खालचं लोखंड पॉलिश पेपरने घासलं, ते चांदीसारखं चमकलं. त्यावर पट्टी आवळली, दमट हवेने पुन्हा गंजू नये म्हणून वरून व्हॅसलिन फासलं. दिव्याच्या बुडाशी आणि मागच्या मडगार्डाला अशीच दोन नाणी खरवडली. किल्ली फिरवली. दिवा लागला. पिवळा, गुळाच्या ढेपेसारखा, पण लागला. हॉर्न असा ओरडला की मांजराची चौथी पिढी भिंतीवरून उडी मारून शेजाऱ्यांकडे गेली. ब्रेक दाबला, मागे लालभडक. दुसऱ्या किकला गाडी चालू.

शेजारी जमले. बायकोने सीट पुसली, पण बसली नाही. "आधी तुम्ही एकटे जाऊन या," म्हणाली. विश्वासाचीही एक फट असते, ती इतक्यात ०.४ मिलिमीटरवर येत नाही. आई पायरीवर उभी होती. मी निघताना म्हणाली, "लवकर ये." मला वाटलं, सांगायचं म्हणून म्हणाली.

रंकाळ्याला एक चक्कर मारली. तलावाच्या कडेने संध्याकाळची माणसं होती, भेळेच्या गाड्या होत्या. दोन-तीन पन्नाशीच्या पुरुषांनी आवाजाच्या दिशेने माना वळवल्या आणि बराच वेळ तशाच ठेवल्या. अंधार पडला तसा परत फिरलो. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर वळताना खड्ड्यात चाक आदळलं आणि दिवा गेला. उतरलो. गाडी बंद करून स्टँडवर लावली, मोबाइलच्या उजेडात दिव्याची रिंग काढली. चोविसावा जोड, माझ्या हातचा, सैल. आता घट्ट पिळला, वर टेप गुंडाळली. टेप नव्हतीच म्हणा खरं तर. पाकिटात औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पान होतं, त्याच्या मागची चिकट किंमत-पट्टी निघाली, ती लावली. चांदीची सुरळीही पाकिटातच होती. ती मात्र तशीच ठेवली. पाच मिनिटं गेली असतील. किक मारली आणि घरी आलो.

दारातच भाकरीचा वास आला. आमच्याकडे रात्री पोळ्या होतात, आणि गेल्या चार वर्षांत आईने तव्याला हात लावलेला नाही. गुडघे उभं राहू देत नाहीत. स्वयंपाकघरात गेलो तर ती ओट्याशी एका हाताने टेकून भाकरी थापत होती. बायको बाजूला हात बांधून, मला काही बोलू नका, अशी खूण करत उभी.

"कोपऱ्यावर थांबला हुतास न्हवं?" आई मागे न बघता म्हणाली.

"हो. लाइट गेला होता."

"तुझ्या बाबांचा बी रोज तिथंच जायचा," आई म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "गाडी कोपऱ्यावर बंद झाली की इकडं मी तवा ठेवायचा. पाच मिन्टं लागायची लाइट यायला. तवा तापायला बी तेवढीच लागत्यात."

मग भाकरी उलटली आणि डाव्या हाताने, तिकडे न बघताच, बडीशेपेची डबी माझ्याकडे सरकवली.